विटलं गो

तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बोळात माझी खोली.
उभं कपाट, आत चोवीस नळ्या,
जांभळट उजेड.
माझं काम सेकंद मोजायचं.

द्वारका वैती, वय एक्कावन्न, वरळी कोळीवाडा.
सोमवार आणि गुरुवार.
गिऱ्हाईक मासे खात नाही
ते दोन वार तिने उजेडाला दिले.

फाईलवर लिहिलेलं: व्हिटिलिगो.
तिने विचारलं, काय म्हंतात याला?
मी सांगितलं. तिने उच्चारून पाहिलं:
विटलं गो.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

मनगटावरचं गोंदण तेवढं हिरवं राहिलेलं,
भोवतालचं कातडं त्याला सोडून गेलेलं.

कर्णिकबाईंनी तिला समजावलं,
शरीराचे पहारेकरी असतात ना,
ते घरच्याच रंगाऱ्यांवर धावून जातात.
द्वारकाबाय म्हणाली, म्हंजे भाऊबंदकी.
मग हातांवरच का जास्त?
डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली.
शिंगाळ्याचा काटा, कोलंबीचं टोक, कोयता.
कातडी जिथे फुटते तिथे पांढरं धावतं.
हातमोजे दिले. पुढच्या गुरुवारी
धुऊन, घडी घालून तिने परत आणले.
यात मासळी ताजी का शिळी, कळत नाय.

मलम सकाळ-संध्याकाळ. गोळ्या थोडे दिवस.
बाकी उजेड: आधी वीस सेकंद,
मग पंचवीस, मग तीस,
पोळू न देता, हळूहळू.
काळा चष्मा लावून ती आत उभी राहायची.
एकदा म्हणाली, दिसत काय नाय.
आवाज येतो. बर्फाच्या कारखान्यासारखा.

बाजारातलं ती सेकंद संपल्यावर सांगायची,
लुगडं नेसता नेसता, पडद्याआडून.
वीस वर्षांची गिऱ्हाईकबाई
आता नोट पाटीच्या कडेला ठेवते.
वर शहाणपण शिकवते:
तुम्ही लोक मासे खाऊन दूध पिता ना, त्यानेच.
दूध! ती हसायची.
पाव लिटर येतं आमच्यात,
ते चार कपांत मरतं.

सव्विसाव्या खेपेला मानेवर ठिपका दिसला,
तपकिरी, केसाच्या मुळाशी, तिळाहून बारीक.
मग सात. मग मोजता येईनात.
आरसा धरला तर बघून म्हणाली,
जवळा सुकत घातलाय जसा.
बोटांवर मात्र काही नाही.
बोटांच्या टोकांना केस नसतात,
रंग तिथे कुठून उगवणार?
तिचं तिनेच ठरवलं:
मान, तोंड होऊ दे. हात ऱ्हाऊ दे असेच.
हातांना कामं हायत.

आता माझं.
भिंतीवरचं पोस्टर मीच चिकटवलेलं:
हा आजार स्पर्शाने पसरत नाही.
एक कोपरा सुटतो, दर महिन्याला मीच दाबतो.
तरी पहिले दोन महिने
तिची फाईल ठेवली की मी बेसिनकडे जायचो.
मला माहीत होतं. मी जायचो.

एका सोमवारी नळ चालू असताना
मागून तिचा आवाज आला,
भाऊ, वास जात नाय ना माझ्या हाताचा?
मी म्हटलं, हो. मासळीचा.
ती म्हणाली, लिंबू लावायचं.
एवढंच.
पळवाट तिने आधीच झाडून ठेवली होती,
मी तिच्यातून वाकून बाहेर पडलो.

दिवाळीच्या आधी तिने बोंबील आणले,
वर्तमानपत्रात, पाणी गळणारे.
रात्री तळले. जेवण झाल्यावर
आई दुधाचं पातेलं झाकायला लागली:
आज नको हो, मासे झालेत.
मी झाकण काढलं,
उभ्या उभ्याच पेलाभर प्यायलो, सायीसकट.
आई बघत राहिली.
मला दूध आवडतही नाही.

गुरुवारी द्वारकाबाय आली.
कुरकुरीत झाले का?
झाले, म्हटलं.
फाईल हातातून हातात घेतली. जरा ओली होती.
दोनशे दहा सेकंद लावले.
आतून बर्फाचा कारखाना सुरू झाला.