धारवाडी मंगळवार

आमच्या घरात मंगळवार दोन होते.
बाबांचा कोल्हापुरी: कपाळावर अंगठ्याचा टिळा.
आईचा धारवाडी: मूठ गालाशी नेऊन
हळूच फिरवायची, जात्यासारखी.
लाइट मात्र दोन्ही मंगळवारी एकदमच जायची.
तेवढीच काय ती आमच्या घरातली मुकी वेळ.

जेवण, झोप, पाऊस, पोर
यांवरून कधी वाद झाला नाही.
भांडण व्हायचं बहिणीवरून, निळ्यावरून
आणि खुद्द कोल्हापूरवरून.
बाबा मांडीवर शड्डू ठोकायचे.
आई म्हणायची, ही तर तालीम झाली, गाव कुठाय?
(म्हणायची असंच लिहिते मी.
दुसरं क्रियापद मराठीत सापडलं नाही.)

एकदा सुभाषनगरच्या गाळ्यात
एक उंच बाई आली, कुठल्या देशाची देव जाणे.
कानाकडं बोट, मग नकाराची मान.
बाबांनी आरी खाली ठेवली.
तिनं एका हातानं हवेत नाव लिहिलं,
भराभर, मिरच्या खुडाव्यात तसं.
बाबांनी दोन हातांनी आपलं,
पाच बोटांवर पाच स्वर, शाळेत शिकलेले.
कुणालाच कुणाचं नाव लागलं नाही.
मी मध्ये पडणार, तर आईनं मला मागं ओढलं.

बाबांनी आपल्याच टाचेला चिमटा काढला, दात दाखवले:
नवी चप्पल चावते.
बाई हसली. तेल लाव, रात्रभर ठेव,
सगळं कळलं. घासाघीससुद्धा.
मग गंभीर चेहऱ्यानं त्यांनी एक जोड पुढं केला:
ही घे, करकर वाजते,
तळात बी घातलंय, गल्लीभर ऐकू जातं.
ती बघत राहिली.
मग दोघं इतकी हसली
की शेजारचा रावसाहेब काम टाकून बघायला आला.
तोच जोड घेतला तिनं.
जाताना बाबांच्या अंगठ्यावरचा आरीचा वण पाहिला,
स्वतःच्या अंगठ्यावर तशीच रेघ ओढली
आणि त्यांच्याकडं बोट केलं: तू.

आमच्याकडंही त्यांचं नाव तेच होतं.

गेल्या चैत्रात आई गेली.
कधी येणार, बाबा व्हिडिओवर विचारतात.
मी कपाळाला अंगठा लावते,
त्यांच्याच पद्धतीनं.
ते खात्री करायला पुन्हा विचारतात:
मूठ गालाशी नेतात,
हळूच फिरवतात.