एक शिक्का कमी

यादीत एकेचाळीस होते.
टेबलावर चाळीस.
ख्शानोव्स्की साहेबांनी पुन्हा मोजले, बोटाला थुंकी लावून,
जणू शिक्के म्हणजे नोटाच.
चाळीस.

गुरुवार होता, अठ्ठ्याण्णवचा शेवटचा दिवस.
खिडकीबाहेर वोमझा, खाली गोठलेली नारेफ.
मध्यरात्री आमचा प्रांत संपायचा होता
आणि अजून निम्म्या फायलींना दोरी बांधायची होती.

तेवीस वर्षं सात महिने टिकला.
वॉर्सात कुणीतरी पट्टी ठेवून आखला,
ज्याच्या बुटाला ब्येब्झाचा चिखल कधी लागला नव्हता.
बरीचशी दलदल. उरलेल्यात गाई, बटाटे
आणि टेबलामागे बसलेले कुणाचे ना कुणाचे भाचे.
मीही एक भाचीच, खोटं कशाला बोलू.
तेओदोझ्या मावशीनं कुणाला तरी एक जाडजूड हंस पोचवला
आणि मी वाहन नोंदणीत चिकटले.
आई शेजारणींना सांगायची,
"आमची पोरगी राजधानीत असते."
घरापासून चालत अकरा मिनिटं.

त्या उन्हाळ्यात आम्ही फलक धरून उभे राहिलो.
वॉर्साला लोणी लावून पाहिलं,
अगदी खरोखरचं, दूध संघाचे दोन खोके.
लोणी त्यांनी ठेवून घेतलं.

संध्याकाळी साहेबांनी रकान्यात लिहिलं:
एक, झिजून निकामी.
धातू झिजतो होय इतक्यात?
गरुडाला मुकुट परत मिळून आठच वर्षं झाली होती,
शिक्केही तेव्हाचेच.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
एखाद्याकडे पाहायचं नाही म्हटलं
की किती ठिकाणी पाहावं लागतं:
छत, रेडिएटर, स्वतःचे बूट,
भिंतीवरचा नकाशा, ज्याला आता कुणी विचारणार नव्हतं.

व्हिंसेंती, माझा दीर, रस्ते खात्यात.
त्यानं हद्दीवरचा पत्रा उपटला आणि खुराड्यावर घातला.
म्हणतो, माझ्या कोंबड्यांना कुणी कळवलेलंच नाही,
त्या अजून जुन्याच प्रांतात अंडी घालतात.

माझं म्हणाल, तर पिठाच्या डब्यात तळाशी हात घाला.

नाताळच्या सकाळी तो काढते, गरम पाण्यात बुडवते
आणि लोण्याच्या गोळ्यावर दाबते.
धातूत सगळं उलटं कोरलेलं,
लोण्यावर सुलटं उमटतं:
मुकुट, पंख, भोवती गोल अक्षरांत प्रांताचं नाव.
तेवढ्यापुरतं शिक्कामोर्तब.

नात, कालिना, यंदा वाचायला शिकली.
बोट फिरवत अक्षरं जुळवली, मग विचारलं,
"हे कुठे असतं?"
म्हटलं, पोस्टाच्या मागची ती इमारत, तिसरा मजला,
आता तिथे दातांचा डॉक्टर बसतो.

ती थांबली. सुरी हातात, पाव गार होत चाललेला.
"मोडू?"

शेपटीकडून घे, म्हटलं.
आणि जाड लाव, कंजूषपणा करू नकोस.