ठिगळं

ऑर्लीनाला स्वयंपाक येत नाही.
ट्रक येतो, वेल्डिंग येतं,
बिघडलेला पंप ती कानानंच ओळखते.
पण आज सकाळपासून कुंपणाशी वाकलेली,
ब्लॅकबेरीच्या जाळीत कोपरापर्यंत हात,
आणि मनगटावर ओरखडे, बारीक, लाल,
कुणी उधारीच्या रेघा मारून ठेवाव्यात तसे.

केंटकीच्या या घळीत घरं दोनच.
एक तिचं. समोरचं हार्लिसचं,
ज्याच्या फुप्फुसात अजून खाण आहे,
आणि ज्याचा कुत्रा, डेप्युटी,
ऊन धरून ठेवणाऱ्या खडीवर
दुपारभर पसरलेला असायचा.
बहिरा. चौदा वर्षांचा.

गुरुवारी तिनं ट्रक मागे घेतला.

"त्याला ऐकू येत नव्हतं, पोरी,"
एवढंच म्हणाला म्हातारा
आणि फावडं आणायला गेला.
शिव्या घातल्या असत्या तर तिला झोप लागली असती.

डेटनहून फोनवर व्हेस्टा मावशी:
लोणी गार हवं. हातही गार हवेत.
मैदा? अगं, पुरेल एवढा.
ताक? ओल धरेपर्यंत.
आणि मळायचं नाही, ऐकतेयस ना,
गोळा होतोय म्हटलं की हात काढून घ्यायचा.
मागे टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकलं.
"कुणासाठी करतेयस?" मावशीनं विचारलं.
ऑर्लीना म्हणाली, रेंज जातेय.

(बिस्किट म्हणजे चहात बुडवतात ते नव्हे.
इथलं बिस्किट जाड, मऊ, पापुद्र्यांचं,
आणि भाकरीइतकं रोजचं.)

खाली फळं, साखर, लिंबू, चिमूटभर मीठ.
वर पिठाचे गोळे, तळव्यावर चेपून,
एकाशेजारी एक, कडा न जुळणारे,
गोधडीला घाईनं लावलेली ठिगळं जशी.
"मधे फटी राहिल्यात, मावशी."
"राहू देत. वाफ कुठून जाईल मग?"

पहिलं भांडं जळलं.
तिनं ते कोंबड्यांना टाकलं.
कोंबड्यांनीही आधी विचार केला.

पुन्हा कुंपण. पुन्हा ओरखडे.

दुसऱ्या वेळी मात्र ती ओव्हनसमोर
उकिडवी बसून राहिली, काचेला नाक लावून.
फटींतून जांभळा रस वर आला,
बुडबुडला, फुटला,
ठिगळांच्या कडांवरून ओघळला.
वरचं पीठ तांबूस झालं
आणि घरभर असा वास सुटला
की तिला स्वतःचीच चीड आली.
इतका चांगला वास कशाला?

मधे फक्त चाळीस पावलं.
टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं पोटाशी धरून
खडीवरची ती जागा तिनं वळसा घालून ओलांडली.
वाक्य ठरवून ठेवलं होतं.
पायरीशी पाण्याचा वाडगा दिसला,
भरलेला, आजचंच पाणी,
आणि वाक्य गेलं.

हार्लिसनं भांड्याकडे पाहिलं.
आत जाऊन दोन चमचे आणले. ताटल्या नाहीत.
दोघांच्याही जिभा भाजल्या.
"खाली जरा लागलंय," तो म्हणाला.
"हो."
"लागलेलंच मला आवडतं."

मग बिस्किटाचा एक तुकडा त्यानं मोडला,
फुंकर घालून नीट निववला,
आणि न बघता, ओढ्याच्या पाण्याबद्दल काहीसं बोलता बोलता
हात खुर्चीखाली नेला.

तिथेच राहिला हात.

ऑर्लीना वाकली.
त्याच्या बोटांतून तो तुकडा घेतला
आणि खाल्ला.
तो काही म्हणाला नाही.
थोड्या वेळानं त्यानं दुसरा मोडला, स्वतःसाठी,
आणि ओढ्याचं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

भांडं मंगळवारी ट्रकच्या बॉनेटवर होतं,
घासलेलं, आत पाच टोमॅटो.

ऑर्लीना अजूनही ट्रक मागे घेण्याआधी
खाली उतरते,
मागे जाते, वाकून बघते,
मगच चढते.
खडी तापलेली असते. नुसती.