एस्कलेट करू नये

स्टॉकपोर्टच्या इस्पितळात आठव्या खाटेच्या फाइलीत
डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय :
एस्कलेट करू नये.

हेझेल ऑर्मरॉडला हा शब्द पाठ आहे.
गॅस कंपनीच्या फोनवर दिवसातून चाळीसदा
तोंडात येतो :
तुमची तक्रार एस्कलेट करते हं.
म्हणजे वर पाठवते. म्हणजे,
खरं सांगायचं तर, माझ्या गळ्यातून काढते.
वर कोण बसतं, तिनं कधी पाहिलेलं नाही.

पण या खाटेवर तिचा बाप आहे.
विल्फ. एकतीस वर्षं मँचेस्टरच्या दुकानांतले
सरकते जिने दुरुस्त करणारा,
डाव्या करंगळीचं अर्धं पेर
साखळीला देऊन बसलेला.

तोच सांगायचा, चहात बिस्किट बुडवून,
पोरी, हा शब्द उलटा जन्मलाय.

(झाडण्यातून झाडू निघतो, चाळण्यातून चाळणी.
इथे आधी चाळणी आली,
चाळणं मागून.)

कुण्या कंपनीनं यंत्राला नाव ठेवलं,
पोटात शिडीचं जुनं लॅटिन नाव घालून.
शिड्या लावून तट चढणारे सैनिकही
त्याच घराण्यातले, पण ते
आपल्या पायांनी चढत आणि पडत.
मग लोकांनी यंत्राच्या नावाचं शेपूट छाटलं,
उरलं त्याचं क्रियापद केलं,
आणि बॉम्ब मोजणाऱ्या माणसांनी
ते नकाशांच्या टेबलावर नेलं :
त्यांची एक पायरी, आपली एक पायरी.

चिघळलं म्हणावं तर जखम दिसते,
पेटलं म्हणावं तर जाळ,
हातघाईवर आलं म्हणावं तर निदान हात तरी असतात.
या शब्दात नुसत्या पायऱ्या
आणि खाली कुठेतरी मोटर.
तुम्ही उभे. कठड्यावर हात. तरी वर.

हेझेलला साखरेचं भांडण आठवतं.
चमचा ओला होता, एवढंच.
ओल्या चमच्यावरून आईची बहीण,
बहिणीवरून एकोणऐंशीचा नाताळ,
नाताळावरून एक पत्र, जे कुणी जाळलं नव्हतं,
आणि आई अकरा दिवस ब्लॅकपूलला.
टेबलावरून कुणीच उठलं नव्हतं.
चहासुद्धा पुरता निवला नव्हता.

आई परतल्यावर बाप तिला काही बोलला नाही.
हेझेलला मात्र दुकानात नेलं, रविवारी, बंद असताना,
लोखंडी झाकण उचलून दिवा आत धरला.
बघ, म्हणाला, वर गेलेली पायरी
खालून परत येते. पालथी, अंधारात.
हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.
तळाशी तेल, नाणी, कोटाची बटणं,
लहान मुलाचा एक लाल हातमोजा,
आणि कुणाची तरी कवळी. ती मात्र कुणी मागायला आलं नाही.

आता डॉक्टर ओकोरी समजावतात, खुर्ची ओढून, हळू :
म्हणजे नळी नाही. श्वासाचं यंत्र नाही.
चौथ्या मजल्यावर नेणं नाही.
वेदनेचं औषध आहे. तोंड ओलं करायला हे स्पंज आहेत.
हेझेल विचारते, म्हणजे ते याच मजल्यावर?
हो, याच मजल्यावर.

ती मान हलवते. फोनवर असती तर म्हणाली असती,
आणखी काही मदत करू शकते का?

स्पंज लिंबाच्या वासाचा आहे.
बापाचा हात खाटेच्या कठड्यावर,
अर्धं पेर मोकळं. कठडा सरकत नाही याची
त्या हाताला अजून सवय नाही झालेली,
बोटं मधूनच पुढे घसरतात.

आपत्कालीन बटण नेहमी खाली असतं, त्यानं शिकवलं होतं,
लाल, वाकून शोधावं लागतं.
रात्री अडीचला, कुणी बघत नसताना,
हेझेल वाकून खाटेखाली बघते.
एक लाल पट्टी आहे, चाकांच्या ब्रेकची.
ती पाय ठेवून दाबते.
आधीच दाबलेली आहे.