४१-४२ नाही

भूपाल मगदूम एकतीस वर्षं कार्डं लिहीत आले,
काळ्या शाईत, डावीकडे किंचित कललेल्या अक्षरात.
लेखक, शीर्षक, आकार, पृष्ठसंख्या,
आणि सगळ्यात खाली, कुठल्याच नियमात न बसणारी एक ओळ :
'पाठीवर चहाचा डाग, देशमाने सरांचा.'
'शिवण सुटली आहे, जपून.'
'४१-४२ नाही.'

केबल आली ती जूनमध्ये,
खिडकीचा एक गज वाकवून.
ड्रिलची लाल भुकटी कोशांच्या माथ्यावर बसली,
ती आठवडाभर पुसत होतो.
विद्यापीठाच्या पत्रात 'संयुक्त सूची' असा शब्द होता.
काकांनी तो दोनदा वाचला. म्हणाले,
संयुक्त म्हणजे काय ओ मॅडम,
एका पंगतीत जेवणारे, की नुसते एका आडनावाचे?

मी नवीन. मला पासवर्ड ठाऊक होता, पुस्तकं नव्हती.
त्यांना पुस्तकं ठाऊक होती,
आणि पासवर्ड त्यांनी कार्डावर लिहून
'प'च्या खणात लावून ठेवला,
पाककृती आणि पिंगळा यांच्या मधोमध.

संध्याकाळी ते वाचत, मी टाइप करी.
डागाला रकाना कुठाय?
नाही, काका.
मग चहा कुठं जाणार?
शोधून शोधून 'इतर' नावाची एक चौकट सापडली,
साठ अक्षरांची.
त्या दिवसापासून ते बोटांच्या पेरांवर
काना-मात्रा मोजू लागले.
वेलांटीचं वेगळं अक्षर धरतात का,
हे त्यांनी हेल्पलाइनला फोन करून विचारलं.

फेब्रुवारीत ईरोडहून मेल आली.
के. सेल्वमणी, ग्रंथपाल, तोडकं इंग्रजी, माझ्याइतकंच :
तुमच्या यादीतलं हरिपूरच्या पेवांवरचं चोपडं आमच्याकडेही आहे.
कुणी हळदवाल्यानं दिलं असेल. वाचता कुणालाच येत नाही.
इथं बाजारात एक सांगलीचा दलाल आहे,
त्यानं तुमची शेवटची ओळ वाचून दाखवली.
आमच्यात ४१-४२ आहे.
पाठवू?

मी चोपडं कपाटातून काढलं.
चाळीसावं पान संपत होतं : 'पेवात माणूस सोडण्याआधी'
त्रेचाळिसावं सुरू होत होतं : 'तर वर ओढून घ्यावे.'
मधे एक फाटकी कडा, करवतीच्या दातांसारखी.

त्या दिवशी नेट संथ होतं.
पान वरून खाली उतरत आलं, बोटभर, आणखी बोटभर,
काका माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे.
दोरीला कंदील बांधून हळू सोडावा.
तळाला टेकेपर्यंत ज्योत पाहावी.
मंदावली तर थांबावे, विझली तर कोणी उतरू नये.
तोंड उघडून एक रात्र जाऊ द्यावी.
उतरलेल्या माणसाच्या कमरेला दोर असावा,
त्याने हाकेला ओ दिली नाही

पान तिथंच संपलं.
पुढचं आमच्याकडे होतं.

आमचे धाकटे चुलते उतरले होते, काका म्हणाले.
पेव कुणाचं, ते नाही बोलले. साल सांगितलं,
मग तेही पुसल्यासारखं म्हणाले, दोन-एक वर्षं इकडंतिकडं.
वाचनालयात परीक्षेची पोरं होती,
पंख्याची कुरकुर होती.
त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला
आणि खिशावर हात तसाच राहू दिला.

छापलेला कागद त्यांनी खळ लावून चिकटवला.
पांढराफेक, बाकीच्या पिवळ्यात उपरा दिसतो.
दिसू दे, म्हणाले.
मग 'इतर'मध्ये मला सांगून टाइप करवलं :
'४१-४२ ईरोडहून. कागद नवा. खरा आहे.'
मोजलं. बसलं. जागाही उरली.

सेल्वमणींनी उलट विचारलं होतं,
पेवं अजून आहेत का?
मी लिहिलं, पुरात बरीच ढासळली.
काहींच्या तोंडावर आता मोटारसायकली लावतात.
काका म्हणाले, पुढं लिहा,
गाडी लावणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक नसतं.
मग म्हणाले, नको, राहू दे,
त्यांना भाषांतर करत बसावं लागंल.