खरी नक्कल

पहिलं नाणं मी खरंच ठेवलं होतं.
अल जझीरा अल हमराच्या ओस गल्लीत,
पोवळ्याच्या दगडांची भिंत, तिच्या कोनाड्यामागे
झाकणाचा डबा, डब्यात वही, पेन्सिल,
आणि कासव.
पितळी, पाठीवर हिरवा मुलामा,
कडेला सहा अक्षरांचा क्रमांक.
सापडेल त्यानं उचलायचं, पुढच्या कुठल्याही देशातल्या
अशाच लपवलेल्या डब्यात ठेवायचं
आणि कळवायचं : पोचलं.
एवढाच खेळ.

नवव्या दिवशी डबा होता, वही होती, पेन्सिलसुद्धा.

"खरं कधी सोडायचं नसतं, वाघधरे,"
रोडेल म्हणाला. तो भट्टीवर, मी तपासणीला,
दिवसभर फरश्यांवर बोटाची गाठ वाजवून
तडा ऐकायचा, हे माझं काम.
दुसरं नाणं घेतलं तेव्हा तोच घेऊन गेला
कुंजुमोनच्या दुकानात.
रंगीत झेरॉक्स, दोन्ही बाजू, वर प्लास्टिक,
एक भोक, एक साखळी. चार दिरहम.
कुंजुमोननं न बघताच विचारलं,
"पासपोर्ट की व्हिसा?"
कासव, म्हटलं.

खाली बारीक अक्षरात लिहायचं असतं :
मूळ नाणं मालकाकडे आहे.
हिलाच ते समजून पुढे न्यावं.

मला हे नवीन नव्हतं.
पमीमावशी परगावच्या लग्नाला निघाली की
खऱ्या पाटल्या बँकेत, हातात मुलाम्याच्या,
आणि मिरवायची मात्र अगदी खरं.
माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर
मुख्याध्यापकांनी जांभळा शिक्का मारला होता,
खरी नक्कल.
तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

नक्कल निघाली.
खसबला गेली, बोटीनं की काय कोण जाणे.
मस्कतला एका घाटात आठ महिने कुणी आलंच नाही.
मग एका झेक मास्तरानं उचलली,
मग बर्फ, बर्फातली एक पाटी,
एका कुत्र्याच्या तोंडात साखळी, असा फोटो.
इकडे मूळ कासव निडोच्या रिकाम्या डब्यात,
बटणं, सुटे फिल्स, एक जुनी किल्ली यांच्या संगतीत.
इकडे माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
खिशात त्याची झेरॉक्स,
घडीवर इतकी फाटलेली की जन्मगाव दोन तुकड्यांत.

नियम एक आहे, रोडेलनं बजावलेला :
एका वेळी एकच नक्कल बाहेर.
नाणं दोन ठिकाणी असू शकत नाही.
मी मान हलवली. संध्याकाळी घरी फोन लावला,
पडद्यावर मुलीनं मला वरणभात भरवला.

गेल्या महिन्यात फिनलंडहून एका बाईंचा निरोप :
शेवटचं अक्षर पुसट झालंय. आठ आहे की बी?
रात्रपाळीहून येऊन डबा उपडा केला.
बी.
कासव काळं पडलं होतं, कुठेही न जाता.
सवयीनं फरशीवर टाकून ऐकलं.
खणखणीत.
वरच्या पलंगावर सुखदेव दचकला,
"क्या टूटा?"
कुछ नहीं, सो जा.

शुक्रवारी त्याला खिशात घालून जझीराला नेलं.
चिंचेनं घासलं होतं, हिरवा थोडा उडालाच.
कोनाडा तसाच. ओहोटी होती,
दूरवर एक माणूस वाळूत जाळं वाळत घालत होता.
भिंतीवर ठेवलं. ऊन लागू दिलं.
पाऊण तास बसलो असेन, बोललो काहीच नाही,
त्याला काय सांगणार होतो?
मग रुमालात गुंडाळून परत.

नोंद केली नाही.
नोंदीप्रमाणे ते त्या दुपारी
फिनलंडमध्ये होतं.