थंड पाणी

सॅन पेड्रोच्या बंदराजवळ, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत
दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी नऊ खुर्च्या मांडतो.
येतात पाच जण. कॉफी ताजी असली तर कधी सहा.

ह्या वेळचं पुस्तक सेहेचाळीस सालचं.
पंचवीस सेंटांची आवृत्ती, पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या,
मुखपृष्ठावर हिरवा झगा, सिगारेट, आणि एक सावली
जिचा माणूस चित्रात कुठेच नाही.

सुरुवात ओडेल प्रुइटने केली. तीस वर्षं त्याने
चोरांचे जामीन भरण्यावर पोट भरलं.
"हा गुप्तहेर पाकीट परत करतो! पाचशे डॉलर!
भाडं थकलंय, बाटलीचा तळ दिसतोय,
आणि हा बोटाने पाकीट सरकवतो टेबलावरून.
असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.
एक पाहिला. पण त्याला सहाशे हवे होते."

रेनाटो, जहाजावरचा निवृत्त आचारी,
भाषेवर खूश होता. पेन्सिलीने खुणा करून आणल्या होत्या.
वाक्यं कशी, तर माशाची खवलं काढावीत तशी,
शेपटीकडून डोक्याकडे, खसाखसा,
फाजील शब्द एक चिकटून राहत नाही.

"बायकांच्या बाबतीत मात्र आंधळा," कोरिन म्हणाली.
"तीन बायका. एक खोटं बोलते, एक मरते,
एक खोटं बोलून मरते."
ह्यावर वाद झाला. व्हायचाच होता.

मिल्का झुविचने पुस्तक पिशवीतून काढलंही नव्हतं.
चौऱ्याऐंशी वर्षांची. ऐकू कमी येतं, असं आम्ही धरून चाललेलो.
ती म्हणाली,
"ह्याचे शर्ट कोण धुतं?"

कुणाला काही कळेना.

"चौथ्या प्रकरणात ह्याचं नाक फुटतं.
सहाव्यात गोदीवर लाथा खातो, अंगावर ओकतो.
नवव्यात ती बाई ह्याच्या छातीवर डोकं टेकून जीव सोडते.
आणि रोज सकाळी हा पांढरा शर्ट घालतो. कडक इस्त्रीचा.
कोण धुतं?"

कोरिनने पानं चाळली. सापडलं. पान एकशे बारा:
खिशात किल्ल्या, काडेपेटी, लाँड्रीची चिठ्ठी.
पुढच्याच ओळीत पिस्तूल निघतं,
मग चिठ्ठीचं नाव कोण घेतो.

"पॅसिफिक अव्हेन्यूवर अकरा वर्षं मी हेच केलं.
रक्ताला थंड पाणी. गरम घातलंत की बसलं ते, जन्माचं.
आधी मीठ. मग अंगठ्याने, कापडाच्या उलट्या बाजूने.
आपलं रक्त की दुसऱ्याचं, तेही कळतं थोडंफार,
डाग कुठे पडलाय त्यावरून.
बंदुकीच्या दारूचा वास काखेपर्यंत जातो.
सोमवारी खून झाला ना ह्या पुस्तकात?
त्या गल्लीत लाँड्री एकच असणार. खुन्याचा शर्टही तिथेच.
मंगळवारी दुपारी तिथल्या बाईला ठाऊक होतं.
हा मेला दोनशे पानं दारं ठोठावत फिरला,
तिच्या काउंटरवर रोज येऊन पैसे देऊन गेला."

"आणि विचारलं असतं, तर सांगितलं असतं तिने?"
ओडेल गमतीनेच म्हणाला. जामीनवाल्याची सवय.

मिल्का खिडकीकडे बघत राहिली.
बंदरातली क्रेन एक लाल कंटेनर
हवेत धरून थांबली होती, कसली तरी वाट बघत.

"अठ्ठावन्न साली नवऱ्याचा एक शर्ट मी तीनदा धुतला.
निळ्या रेघांचा.
त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता."

पिशवीचे बंद तिने ओढले, दोनदा गाठ मारली.
रेनाटोने तिला कोट घालायला मदत केली.

पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं राहूनच गेलं.
खुर्च्या रचताना माझ्या बाहीवर कॉफी सांडली.
बेसिनपाशी गेलो. दोन नळ,
दोन्हींवरचा रंग केव्हाच उडालेला.